एकाच आकड्याची दोन कार्डं

आधीच सांगून ठेवते, माझ्या नाकावर राग आहे. लग्न झाल्यावर जाईल असं आई म्हणायची. नाही गेला. पण त्या दिवशी मुनाफभाईंच्या ऑफिसात मला जो राग आला तो रास्त होता, हे मी आजही कुणालाही सांगेन. बाईने काम करून करून डोळे फोडून घ्यायचे आणि वर ऐकून घ्यायचं की तू कामचुकार आहेस? मग गप्प कोण बसणार?

आमचं ऑफिस खोपोलीत शिळफाट्याला, चपलांच्या दुकानाच्या वर. मुंबईच्या लोकांसाठी कर्जत-खालापूरच्या डोंगरांच्या पायथ्याला फार्महाऊस आणि बंगले निघतात ना, ते बांधायच्या आधीच कॉम्प्युटरवर उभे करून दाखवायचे, हे आमचं काम. दारातून आत शिरा, सोफा बघा, मागे तरणतलाव बघा, त्याच्यामागे हिरवागार डोंगर बघा. प्रत्यक्ष जागेवर तेव्हा म्हशी चरत असतात. अशा व्हिडिओला वॉकथ्रू म्हणतात. घर मी रचते, पण रचलेल्या घराचा व्हिडिओ मशीनमधलं ग्राफिक्स कार्ड करतं, त्याला म्हणायचं रेंडर. कार्ड दमदार असेल तर रेंडर लवकर उरकतं, नसेल तर बसा तोंड बघत.

मुनाफभाई मालक. माणूस वाईट नाही. मला मुलगी झाली तेव्हा त्यांनीच ऑफिसचा लॅपटॉप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ललिता, एवढ्या लांबून यायचं नको आता, घरूनच कर." आमची वाडी भिवपुरीच्या अलीकडे. कर्जतला गाडी बदला, मग खोपोली, मग रिक्षा. पोरगी अजून अंगावर पिते, सासूबाई नाहीत, नवरा विकास खालापूरच्या कारखान्यात शिफ्टला. म्हणजे घरून काम आहे तर काम आहे, नाहीतर नाही. आणि नाही म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत होतं. आमच्या वाडीतल्या निम्म्या बाया फार्महाऊसवर लाद्या पुसायला जातात. मी रचलेल्या बंगल्यात मीच फडकं घेऊन उकिडवी बसलेय, असं चित्र डोळ्यांसमोर यायचं.

होळीनंतर माझं रेंडर हळू झालं. हळू म्हणजे किती, तर जे काम ऑफिसात मनोजचं मशीन चहाच्या दोन कपांत उरकायचं, ते माझ्याकडे पोरगी झोपून उठली तरी संपायचं नाही. मला वाटलं उन्हाळा आहे, पत्र्याचं घर आहे, मशीन तापत असेल. लॅपटॉपखाली विटांचे तुकडे ठेवले, पंखा फिरवून त्याच्याकडे केला. पोरगी घामाने भिजायची आणि लॅपटॉप वारा खायचा. तरी फरक शून्य.

मुनाफभाईंनी बोलावून घेतलं. समोर मनोज. हा ऑफिसातल्या डेस्कटॉपवर बसतो आणि मालकाला ही दोन्ही मशीन घ्यायचा सल्ला यानेच दिला होता.

"दोन्हीकडे कार्ड एकच आहे," मनोज म्हणाला. "इकडे ४०७०, तिकडे ४०७०. मग हिलाच एवढा वेळ का लागतो?"

"नाव एक असलं म्हणून कार्ड एक होतं का?" मी म्हणाले. "आमच्या वाडीत दोन सुनंदा आहेत. एक डोंगरावरून लाकडाचा भारा घेऊन येते, दुसरी पाटावरून उठत नाही. हाका मारा दोघींना, ओ दोघी देतील. अरे, लॅपटॉपमधलं कार्ड लहान असतं. त्याला करंट कमी, मेमरी कमी, वारा कमी. आकडा तेवढा सारखा छापतात."

"मग विकणारे वेडे आहेत?"

"विकणारे नाहीत रे, घेणारे."

मुनाफभाई हसले नाहीत. म्हणाले, "भांडू नका. दोन्ही मशीन शेजारी ठेवून बघू. ललिता, शनिवारी लॅपटॉप घेऊन ये. चार्जर आणायची गरज नाही, जुन्या लॅपटॉपचा असाच एक इथे ड्रॉवरमध्ये आहे, तो याला चालतो."

मला बरंच वाटलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? लागू दे शेजारी, कळेल सगळ्यांना.

शनिवारी एकच बंगला दोन्हीकडे टाकला आणि दोन्हीकडे बटण एकदम दाबलं. मनोजचं आधी संपलं, हे उघड होतं. पण माझं त्याच्यामागून लगेच आलं. दीडपट वेळ, फार तर. मी पडद्याकडे बघत राहिले. याच लॅपटॉपला हाच बंगला घरी तिपटीहून जास्त वेळ खात होता. आपलंच जनावर भरबाजारात आपल्याला ओळख दाखवत नाही, असं झालं मला.

 मुनाफभाई म्हणाले, "तुझं म्हणणं खरं निघालं. आकडा एक, पण कार्ड एक नाही. दीडपट मला मान्य. पण घरी तिप्पट लागतो म्हणतेस. मधला वेळ कुठे जातो, ललिता?"

"मला माहीत नाही."

"मागे दुसऱ्या कोणाचं काम चालू असेल," मनोज खाली बघून म्हणाला. "पनवेलचं ते नवीन ऑफिस घरी बसणारी माणसं शोधतंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीची शपथ घेतली, देवाची घेतली, मनोजला नको ते बोलले. जितकं ओरडले तितकी मी खोटी दिसत होते आणि ते मला कळत होतं, तरी तोंड थांबेना. शेवटी मुनाफभाई म्हणाले, "सोमवारी लॅपटॉप इथे जमा कर. इथे येऊन बसायला जमत असेल तर ये, नसेल तर माझा इलाज नाही." आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी. त्याचंच जास्त लागलं.

आता आमच्या बाबांचं सांगते. बाबा म्हणजे माझे सासरे, धाकलूबाबा. भिवपुरीच्या वीज केंद्रावर नोकरी करून निवृत्त झाले. अंगात खाकी शर्ट, खिशाला टेस्टर. वाडीत कोणाचा फ्यूज उडाला, पंखा अडकला, मिक्सर जळला, की बाबांना हाक. बाबा हातातला घास ठेवून उठणार. पैसे कधी घेतले नाहीत, चहा घेतला तर घेतला. वाडीला वाटतं बाबा प्लांटवर लाइनीवर, म्हणजे वायरमन, होते. लग्नानंतर विकासने मला हळूच सांगितलं होतं, "बाबा माळी होते गं. सायबांच्या बंगल्यांची बाग बघायचे. वायरमन लोकांच्या मागं मागं फिरून शिकले सगळं. पण घरात हा विषय काढायचा नाय." मी कधी काढला नाही. मला त्यात वावगंही वाटलं नाही. शिकले तर शिकले.

माझा लॅपटॉप आला तेव्हा बाबांना काय आनंद! सुनेचं मशीन म्हणून त्यांनी भिंतीवर लाकडी पेटी ठोकली. आत बोर्ड, त्यात चार्जर, पेटीला कुलूप, बाहेर फक्त पिनेची वायर. दारावर लाल रंगाने कवटी काढली आणि लिहिलं, धोका. रांगणाऱ्या पोरीचा हात तिकडे जायला नको म्हणून. किल्ली बाबांच्या करदोट्याला. कधी ऑफिसला जावं लागलं तर मी नुसता लॅपटॉप घेऊन जायचे, चार्जर कधी नेलाच नाही.

शनिवारी घरी आले ती कोणाशी न बोलता. पोरीला पाजलं आणि तोच बंगला परत लावला. लॅपटॉप तोच, बंगला तोच. आणि परत तेच, रखडलं. खोपोलीत पळणारं मशीन माझ्या घरात येऊन लंगडतं कसं? डोकं धरून बसले. तोच, तोच, सगळं तोच, मग तिथे वेगळं काय होतं? आणि एकदम लख्ख झालं. तिथे चार्जर ड्रॉवरमधला होता.

"बाबा, पेटी उघडा."

"का गं? जेवून घे की आधी."

"उघडा म्हणते ना!"

बाबांनी उघडली. आत विटेएवढा काळा चार्जर असायला हवा होता. तिथे साबणाच्या वडीएवढा एक चार्जर लोंबत होता.

बाबांचा चेहरा फुलला. "बघितलंस का? हात लाव, लाव. जराबी तापत नाय. तो मोठा लई तापत होता गं. होळीच्या टायमाला बघितलं तर पेटीची फळी काळी पडलेली. खाली बाळाचा पाळणा. माझा जीवच गेला. शिळफाट्याला जाऊन हा घेऊन आलो. पिन तीच, व्होल्ट तेच. आकडा वाचून घेतला मी, काय समजलीस?"

"आणि वॅट?"

बाबांनी चार्जर उलटा करून बघितला.

"वॅट वाचलेत का बाबा? मोठा जेवढे देतो त्याच्या निम्मेपण हा देत नाही! मशीनला खायलाच मिळत नाही, ते चालणार कसं? आणि पेटीत कोंडलात म्हणून तापत होता तो! ही पेटी कोणी सांगितली होती तुमाला?"

"व्होल्ट तर तेच हाय की," बाबा हळूच म्हणाले.

मी पुष्कळ बोलले. नोकरी गेली हे बोलले, चोर ठरले हे बोलले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावलं तर सांगायचं कोणाला? पोरगी घाबरून रडायला लागली तेव्हा थांबले. बाबांनी ट्रंक उघडली. जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेला मोठा चार्जर काढून माझ्यापुढे ठेवला. नंतर म्हणाले, "सोमवारी मी येतो तुज्यासंगं. सायबाला सांगतो, मी बदलला म्हणून."

विकास शिफ्टवरून आल्यावर चिडला. "बाबांना कशाला नेतेस? चार्जर बिघडला होता म्हणून सांग, संपला विषय."

"कोण ऐकणार आहे माझं? चोर ठरवलंय मला त्यांनी. साक्षीदार नको?"

 विकास एवढंच म्हणाला, "संभाळून बोल तिथं."

सोमवारी शेजारच्या सुनंदाकडे पोरगी ठेवली आणि निघालो. बाबांनी खाकी शर्टाला स्वतः इस्त्री केली होती. शिळफाट्याचा जिना चढताना त्यांनी केस विंचरले. मला वाटतं, एवढ्या मोठ्या ऑफिसात आपलं काम निघालं याचं त्यांना आतून बरंही वाटत असावं.

मी दोन्ही चार्जर टेबलावर ठेवले. आधी मोठा लावून बंगला चालवला, मग बारका लावून चालवला. बारक्यावर सुरुवातीला पळालं, मग बसलं ते बसलंच, अगदी घरच्यासारखं. मनोजचं तोंड उतरलं. मी त्याच्याकडे मुद्दाम बघितलं. का नाही बघणार?

मुनाफभाई मात्र कपाळाला आठ्या घालून बसले होते. "हे मान्य," ते म्हणाले. "बारका लावला की मशीन झोपतं. पण तो लावला कोणी, आणि का? पनवेलचं काम कर, इथलं काम उशिरा दे, कोणी विचारलं तर बारका चार्जर दाखव. असंही असू शकतं ना? राग मानू नकोस, मला विचारावं लागतं."

"मी लावला, सायब," बाबा पुढे होऊन म्हणाले. हात जोडलेले. "पोरीला ठावंच नव्हतं. पेटीत असतो तो, किल्ली माझ्याकडं."

"काका, तुम्ही का बदललात?"

"तापत होता म्हणून."

मुनाफभाईंनी बाबांच्या खाकी शर्टाकडे बघितलं, खिशातल्या टेस्टरकडे बघितलं. "ललिता सांगते तुम्ही भिवपुरीच्या प्लांटवर होता. लाइनीवर ना? मग काका, आयुष्य विजेत घालवलेल्या माणसाला वॅट कळत नाहीत, हे मी कसं मानू? वायरमन माणूस अशी चूक करेल? सुनेला वाचवायला आलात, ते मी समजू शकतो."

 खालून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. बाबा वायरमन असतील तर ते खोटं बोलत होते आणि मी चोर होते. बाबा वायरमन नसतील तरच मी खरी. मधलं काही नव्हतंच. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग मुनाफभाईंकडे बघितलं. ओठ हलले त्यांचे. काहीतरी म्हणणार होते.

"सर, ते वायरमन नाहीत," मी म्हणाले. "प्लांटवर माळी होते ते. विजेतलं त्यांना काही कळत नाही."

एका दमात बोलले. मनोजने हसू दाबायला तोंडावर हात नेला. मुनाफभाई खुर्चीत जरा मागे सरकले, बाबांकडे बघवेना त्यांना.

"बसा काका," ते म्हणाले. "मनोज, चहा सांग."

"हो, सायब," बाबा म्हणाले, "बागेत होतो मी." आणि बसले. चहा आला तो सगळा प्यायले. जाताना मुनाफभाईंनी लॅपटॉप माझ्या हातात दिला. "घरूनच कर. मोठा चार्जर पेटीबाहेर ठेव." मनोजला म्हणाले, "तिची माफी माग." त्याने मागितली. जे मिळवायला गेले होते ते सगळं मिळालं.

परतीच्या वाटेवर बाबा नेहमीसारखेच होते. कर्जतला नातीसाठी केळी घेतली, मला बसायला जागा धरून दिली. पेटीचा विषय मीच काढला, तर म्हणाले, "काढतो उद्या." दुसऱ्या दिवशी काढलीही. भिंतीवर खिळ्यांची भोकं राहिली ती चुन्याने बुजवली. मला वाटलं, चला, निभावलं. बाबा मनात धरणारे नाहीत.

त्याच आठवड्यात, दिवेलागणीला, चिंधीकाकू आली. खालच्या आळीतली, बाबांच्याच वयाची. आमच्याकडे लाइट होती, तिच्या घरात अंधार.

"धाकलूदादा, चला जरा. फ्यूज उडालाय आमचा."

बाबा ओट्यावर नातीला घेऊन बसले होते. उठले नाहीत. "मला त्यातलं काय कळत नाय गं, चिंधे," ते म्हणाले. "मी प्लांटवर माळी होतो."

चिंधीकाकू हसली. तिला थट्टा वाटली. "चला हो, पोरं काळोखात बसल्यात."

"खरं सांगतो. फुलझाडांना पाणी घालायचो. लाइनीवर नव्हतो कधी."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, "बाबा, जा ना. नेहमी तुमीच बांधता तिचा फ्यूज."

"माळी का असंना," चिंधीकाकूही म्हणाली, "पंधरा वरसं तुमीच बांधलाय. घर जळालं नाय कधी आमचं."

"आता नको," बाबा म्हणाले. "कायतरी चुकायचं." रागाने नाही बोलले. पोरीच्या हातातून माती काढत, साध्या आवाजात बोलले. चिंधीकाकू मोबाइलची बॅटरी लावून वायरमन शोधायला वरच्या आळीत गेली.

मी ओट्यावर बाबांच्या शेजारी बसले. जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. "बाबा, त्या दिवशी ऑफिसात तुमी काहीतरी बोलणार होता. काय बोलणार होता?"

"तेच," बाबा म्हणाले. "माळी होतो म्हणून."

"मग? एकच झालं ना?"

बाबांनी पोरीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "तुला एक वाटतं?" ते म्हणाले. "मी सांगितलं असतं तर ते मी तुज्यासाठी सांगितलेलं असतं, पोरी. थोडी थांबली असतीस."

 आत लॅपटॉपवर रेंडर पूर्ण झाल्याचा आवाज आला. बाबा म्हणाले, "जा, बघ तुजं काम."